एक्कावन्नाव्या पानावरचा आकडा

अंबड
४ नोव्हेंबर २०२४

गंधाली,

आशीर्वादाची ओळ मी विसरलेलो नाही, गाळली आहे. अठरा वर्षे जिच्यावाचून तुझे काही अडले नाही, ती टपालाने पाठवण्यात अर्थ नाही.

तू वाचनालयाच्या ग्रंथपालांना लिहिलेले पत्र माझ्यासमोर आहे. ग्रंथपाल म्हणून आता तृप्ती नावाची मुलगी आहे, जालन्याहून एस.टी.ने येते-जाते. तिने ते मला दाखवले. निवृत्तीनंतरही मी रोज साडेदहा वाजता तेथे जाऊन बसतो आणि जुन्या नोंदींविषयी तिला दुसऱ्या कोणास विचारता येत नाही. हे तुला ठाऊक असणारच. तरीही पाकिटावर माझे नाव घालण्याचे तू टाळलेस. बापाच्या हाती पत्र पडावे, पण बापाला लिहिल्याचे पाप लागू नये, अशी ही युक्ती आहे. जमली आहे.

तुझ्या पत्रातला मजकूर मला समजला तो असा. आपल्या घरी वीस वर्षे धुणीभांडी केलेली दुर्गाबाई अंतरवाली सराटीला भावाच्या घरी आहे आणि दसऱ्यापासून अंथरुणावरून उठलेली नाही. भावाच्या नातीने, अर्पिताने, शाळेतून ‘दुर्गाबाई सांगते’ हे पुस्तक आणून तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. दोन प्रकरणे ऐकून म्हातारी म्हणाली, “ही कोण बाई हाय? ही म्या न्हाई.” आणि भिंतीकडे तोंड करून निजली. म्हणून तुला पहिली आवृत्ती हवी आहे, तू तिच्या तोंडून उतरवून घेतलेली, जानेवारी २००६ मध्ये आपल्या वाचनालयाने छापलेली. मरण्यापूर्वी बाईला तिचे स्वतःचे बोलणे ऐकवायचे आहे. तुझ्याजवळ एकही प्रत नाही. हस्तलिखित तू घर सोडलेस त्या दिवशी माझ्या कपाटात राहिले, असेही तू लिहिले आहेस.

हस्तलिखित आता नाही. तो विषय संपला.

पहिली आवृत्ती मी “नष्ट केली” असे तू लिहितेस. ग्रंथपालाच्या मुलीने शब्द जपून वापरावेत. सुधारित आवृत्ती आली की जुनी नोंदीतून काढून टाकायची, ही सर्व वाचनालयांची रीत आहे. तिला निर्लेखन म्हणतात. प्रकाशक वाचनालय होते आणि कार्यवाह मी होतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी शुद्ध भाषेतली सुधारित आवृत्ती काढली, मंठ्यापासून परतूरपर्यंतच्या वाचनालयांना पत्रे लिहिली की जुनी प्रत परत करा आणि नवी विनामूल्य न्या. तीनशेपैकी दोनशे अकरा प्रती परत आल्या. त्या हिवाळ्यात आंघोळीच्या बंबासाठी लाकूड आणावे लागले नाही. उरलेल्या वाळवीने, लग्नांनी आणि रद्दीवाल्यांनी नेल्या असाव्यात.

तुला इतकेच कळवायचे होते.

मार्तंड


१३ नोव्हेंबर

गंधाली,

तुझे कार्ड मिळाले. “प्रत आहे की नाही, एवढेच कळवा.” सहा शब्द, ना आरंभ ना शेवट. हॉटेलात चहा मागवतानासुद्धा माणूस वेटरला हाक मारतो.

आहे.

ज्या ग्रंथाचे निर्लेखन केले त्याची एक प्रत ग्रंथपालाने संदर्भासाठी ठेवावी, असा माझा नियम होता आणि तो मी माझ्याविरुद्धही पाळला. प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. पाने सुटलेली नाहीत. कसर लागलेली नाही.

ती हवी असल्यास रीतसर पत्र पाठवावे. माझ्या नावे. पत्राच्या आरंभी मुलगी वडिलांना उद्देशून जे लिहिते ते लिहावे. घाई कुणाला आहे हे मला ठाऊक आहे. पण घाई दुर्गाबाईला आहे, मला नाही.

मार्तंड


२२ नोव्हेंबर

गंधाली,

“ती. बाबांस” असे तू लिहिलेस. पेन इतके दाबलेस की दुसऱ्या पानावर त्याचा वळ उमटला आहे. तरी लिहिलेस. वसतिगृहात असताना दर आठवड्याला पत्र यायचे तेव्हा अक्षर याहून वाईट होते. तुझी आई ते मला वाचून दाखवी, म्हणून मला त्याचा त्रास होत नसे.

अट पूर्ण झाल्यामुळे प्रत तुला देणे मला भाग आहे. परंतु ती मी टपालात टाकणार नाही. टपालात वस्तू हरवतात. मी स्वतः अंतरवालीला जाऊन दुर्गाबाईला वाचून दाखवीन आणि नंतर प्रत तुझ्याकडे पाठवीन. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा तुझ्या मोलकरणीच्या उशाशी बसून वाचणार आहे. याहून अधिक काही मागण्याचे तुला सुचणार नाही, अशी आशा करतो.

तू लिहितेस, “सातवे प्रकरण गाळू नका.” सुधारित आवृत्तीतून ते मी का गाळले, हे तुला ठाऊक आहे असे तुला वाटते. आई गेली त्या दिवशी मी वाचनालयात ग्रंथांच्या मोजणीत होतो, दुर्गाबाई बोलवायला आली तरी उठलो नाही, आणि ते लपवण्यासाठी मी प्रकरण काढले, असेच ना? ज्या दिवशी सुधारित प्रत तुझ्या हाती पडली त्या दिवशी हे तू माझ्या तोंडावर बोललीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. मी तेव्हा उत्तर दिले नाही. आजही देत नाही. तू समजतेस ते खरे आहे, एवढे पुरे.

तृप्तीचे काम बरे चालले आहे. पूर्वी आपण एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्या, भाषांतरे, संक्षेप वेगवेगळ्या कार्डांवर लिहीत होतो आणि कार्डावर “अमुक पाहा” अशी खूण करीत होतो. ती हे सर्व संगणकावर एका शीर्षकाखाली जोडते. म्हणजे पहिली आवृत्ती शोधणाऱ्याला तिसरी दिसते, मूळ शोधणाऱ्याला भाषांतर. तत्त्व मला मान्य आहे. मी तेच आयुष्यभर हाताने केले. परवा ती म्हणाली, “सर, ‘दुर्गाबाई सांगते’ची तुमची सुधारित प्रत मी आवृत्ती म्हणून नोंदवू की वेगळी कृती म्हणून? जवळजवळ प्रत्येक वाक्य बदललंय हो.”

“आवृत्ती,” मी म्हणालो.

“पण तुम्हीच शिकवलंत ना, इतकं बदललं तर कर्ता बदलतो म्हणून?”

मी तिला खिडकी लावायला सांगितली.

आणखी एक क्षुल्लक बाब. एका प्रवासवर्णनाच्या आवृत्त्या जोडताना तिला असे आढळले की दुसऱ्या आवृत्तीच्या आपल्याकडे दोन नोंदी आहेत. एक, क्रमांक ४११७, मार्च १९९७ च्या मोजणीत गहाळ. दुसरी, जून १९९७ मध्ये देणगी म्हणून आलेली. कपाटात प्रत एकच आहे, निळ्या कापडी बांधणीची. त्यावर “कै. रमाबाई यांच्या स्मरणार्थ” असे माझ्या अक्षरात आहे. तिने मला विचारले. मी सांगितले की गहाळ झालेली प्रत शिपाई बद्रीनाथने नेली होती, त्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आले, आणि तीच आवृत्ती तुझ्या आईच्या आवडीची असल्यामुळे मी दुसरी मिळवून तिच्या नावाने दिली.

बद्रीनाथ म्हणजे दुर्गाबाईचा धाकटा भाऊ. ज्याच्या घरी ती आता निजली आहे तोच. त्यानेच तिला आपल्या घरी कामाला आणले होते. हे तुला आठवत असेल.

मार्तंड


१ डिसेंबर

गंधाली,

काल जाऊन आलो. क्रमाने लिहितो.

वडीगोद्रीपर्यंत एस.टी., पुढे रिक्षा. तृप्ती बरोबर आली, मी बोलावले नव्हते. तिचे म्हणणे असे की वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले तर तोही त्याच कृतीचा एक आविष्कार ठरेल आणि सूचीत जोडता येईल. रिक्षात ती खिडकीबाहेरच पाहत होती. वाचनालयात मी तिला जे शिकवले त्यात एक गोष्ट अशी आहे: ग्रंथाचा क्रमांक मुखपृष्ठामागे लिहितात, तो कुणी खरवडू शकतो. म्हणून एक पान ठरवून ठेवतात, ज्याविषयी वाचकाला सांगत नाहीत, आणि त्यावरही क्रमांक लिहितात. आपल्या वाचनालयात ते पान एक्कावन्नावे आहे. मीच ठरवले होते. रिक्षातून उतरताना ती म्हणाली, “सर, मी त्या निळ्या पुस्तकाचं एक्कावन्नावं पान पाहिलं.”

मी रिक्षावाल्याचे पैसे मोजून दिले.

बद्रीनाथच्या ओसरीत कापसाचा ढीग होता. तो उंबऱ्याशी बसून त्यातला काडीकचरा वेचत होता. उठला, खुर्ची पुसली, “या सायेब” म्हणाला आणि पुन्हा बसला. सत्तावीस वर्षांनी त्याने मला पाहिले. दुर्गाबाई खाटेवर होती, मुठीएवढी झालेली. जीभ मात्र तीच.

“आवं सायेब, तुमी? माहं पुस्तक वाचाया? तुमच्या तोंडाला फोड येतील की माह्या बोलण्यानं.”

मी वाचू लागलो. हे मी तुला सांगू नये, पण नोंद पूर्ण असावी. जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडून “न्हाई” बाहेर पडले, “मंग” बाहेर पडले, “करून राह्यले” बाहेर पडले. दुर्गाबाई हसता हसता खोकू लागली. “अर्पे, आगं ये, सायेब आमच्यावानी बोलून राह्यले! आज मेले तरी चालतंय.” मग डोळे मिटून ऐकत राहिली. काही वाक्ये माझ्या आधी तिचे ओठ म्हणत. पहिले प्रकरण झाल्यावर ती म्हणाली, “हां. ही म्या.”

सहावे संपले. मी आठवे काढले.

“सातवं ऱ्हायलं.”

“सातवे फार मोठे आहे. तू थकशील.”

“म्या थकंल का तुमी?”

मी म्हणालो, पाने चिकटली आहेत. गंधाली, मी खोटे बोललो आणि ते ध्वनिमुद्रित झाले आहे.

“चिकटू द्या. मला वाचता येत न्हाई, पर इसरायलाबी येत न्हाई,” असे म्हणून तिने पडल्या पडल्या सांगायला सुरुवात केली. तिचे शब्द मी ध्वनिमुद्रणावरून उतरवून देतो. दुरुस्ती केलेली नाही.

“मार्च महिना व्हता. बाई सकाळपसून छातीवर हात धरून बसल्या व्हत्या. दुपारी म्हन्ल्या, दुर्गे, सायबाला म्हणावं जल्दी या. म्या पळत गेल्ते. वाचनालयाला आतून कडी, मोजणी चालू. खिडकीतून आवाज देला, सायेब, बाई कशातरीच करून राह्यल्या. सायेब म्हन्ले, कशातरीच म्हंजी काय, नीट सांग. मला नीट सांगता येईना. सायेब म्हन्ले, एक पुस्तक कमी भरून राह्यलं, ते घावल्याबिगर दार उघडत नसतंय. म्या परत गेले, बाईला सांगितलं, एक पुस्तक कमी भरतंय म्हणत्यात. पुन्यांदा गेल्ते तर खिडकीबी लावलेली.”

येथपर्यंत तुझ्या पुस्तकात आहे. पुढचे, एक अर्धे वाक्य सोडले तर, नाही.

“तिसऱ्यांदा निघाले तर बाईनं पदर धरला. म्हन्ल्या, आता नको जाऊस, त्यांची मोजणी चुकंल. आन् उशाचं निळं पुस्तक माह्या हातात देलं. म्हन्ल्या, हे तेवढं देऊन ये. हेच कमी भरत आसंल, आणून देल्यावर वहीत लिवायचं ऱ्हाऊन गेलं आसंल त्यांचं. म्या म्हन्लं, आवं पुस्तक मरू द्या, तुमाला सोडून कशी जाऊ? ठिवलं परत उशाला. मंग बाईंनी डोळे फिरवले. हे म्या गंधाला सांगितलं न्हवतं. बिनमायेचं लेकरू, त्याला काय सांगावं.”

सुधारित आवृत्ती मी का काढली, हे आता तुला कळले असेल. मोजणीच्या दिवसाची मला लाज नव्हती. पहिली आवृत्ती छापून आल्यावर मी ती प्रथमच वाचली, कारण तसल्या भाषेची मुद्रिते तपासणे मला कमीपणाचे वाटले होते. सातव्या प्रकरणात एक अर्धे वाक्य होते: “बाईच्या उशाला निळं पुस्तक व्हतं.” दुर्गाबाईला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तुलाही नव्हता. बद्रीनाथच्या हाती ते पडले असते तर त्याला कळला असता. तो तेव्हा जालन्याला सळईच्या कारखान्यात होता.

पुस्तक मीच घरी नेले होते, त्या मोजणीच्या तीन आठवडे आधी, शनिवारी, नोंदवही बंद केल्यानंतर. अडतीस वर्षांत नोंद न करता बाहेर नेलेला तो एकमेव ग्रंथ. सोमवारी नोंद करायची राहिली. मोजणीच्या दिवशी मी पाच तास तोच ग्रंथ शोधत होतो, आणि तो कोठे आहे हे मला आठवले नाही. तेराव्या दिवशी अंथरूण आवरताना सापडला. तोवर बद्रीनाथच्या नावाचा अहवाल कार्यकारिणीकडे गेला होता. दिलेला अहवाल मागे घेतला असता तर पुढे माझ्या कोणत्या अहवालावर कुणी विश्वास ठेवला असता? म्हणून मी वाट पाहिली, जूनमध्ये मुखपृष्ठामागचा क्रमांक खरवडला आणि तो ग्रंथ देणगी म्हणून दाखल केला. एक्कावन्नावे पान फाडता आले नाही. ग्रंथाचे पान मी कधीही फाडलेले नाही.

ओसरीत दुर्गाबाईचे सांगणे संपले. बद्रीनाथचे बोट कापसात तसेच थांबले होते.

“कंचं निळं पुस्तक, आक्का?”

“आरं, परवासाचं. वर जहाज व्हतं बग.”

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तृप्तीकडे पाहिले. ती मान खाली घालून होती. तेवढ्याने त्याला कळले.

“सायेब,” तो म्हणाला, “सत्तावीस साल झाले, म्या अजून ते पुस्तक हुडकून राह्यलो. कारखान्यात डोळा लागला की कपाटं दिसायची. बायको म्हणायची, देऊन टाका एकदाचं, नेलं आसंल तर. तिलाबी वाटायचं म्या नेलं. तसंच धरून मेली ती.”

मी म्हणालो, “बद्रीनाथ, ती नोंद चुकीची होती.”

“नोंद व्हय,” तो म्हणाला. थोडा वेळ कापूस वेचत राहिला. मग म्हणाला, “अर्पे, सायबाचा च्या थंडा झालाय. दुसरा ठिव.”

त्याने मला शिवी द्यायला हवी होती. मी तो चहा प्यालो.

मार्तंड


३ डिसेंबर

गंधाली,

या पत्राबरोबर पहिल्या आवृत्तीची प्रत पाठवीत आहे. रजिस्टर टपालाने. मी तिच्यात एकही खूण केलेली नाही.

सूचीची स्थिती अशी. ‘दुर्गाबाई सांगते’ ही एक कृती, कर्ती दुर्गाबाई. तिला जोडलेले: २००६ चा मूळ पाठ, लेखनिक गंधाली, आणि ३० नोव्हेंबरचे ध्वनिमुद्रण. माझे पुस्तक वेगळी कृती म्हणून, माझ्या नावावर, “मुळाचा संक्षेप व फेरफार” अशा शेऱ्यासह. तृप्तीने ते तसे केले आहे आणि नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. क्रमांक ४११७ आणि देणगीची प्रत एकच, असा खुलासा मी सही करून कार्यकारिणीला दिला. त्यात बद्रीनाथचे नाव पूर्ण लिहिले आहे. अर्पिता म्हणते, दुर्गाबाई रोज ते ध्वनिमुद्रण लावायला सांगते, आणि “पाने चिकटली आहेत” हे माझे वाक्य आले की हसते. पुन्हा लावायला सांगते.

तुला हवे ते सर्व मिळाले. बाईला तिचे बोलणे मिळाले. मला तुझी क्षमा नको. तू ती मागूनही देणार नाहीस, हे तू माझ्याकडूनच शिकली आहेस.

आता एक नोंद राहिली.

निळ्या पुस्तकात पन्नास आणि एक्कावन्न या पानांच्या मध्ये एक पत्र होते. तेराव्या दिवशी पुस्तकाबरोबर तेही सापडले. सत्तावीस वर्षे ते मी जपले, तुझ्यापासूनही. त्यावर फेब्रुवारी १९९७ ची तारीख आहे, औरंगाबादच्या वसतिगृहाचा पत्ता आहे, अक्षर वाईट आहे. तू आईला लिहिले होतेस: “वाचनालयातलं ते निळं प्रवासवर्णन वाचच, वर जहाज आहे. बाबांना आणायला सांग. वहीत नोंद कशाला लागते, त्यांचंच तर वाचनालय आहे. सांग, गंधाने सांगितलंय.” तुझ्या आईने ही ओळ मला हसत हसत दोनदा वाचून दाखवली, आणि मी नोंदवही बंद झाल्यावर ते पुस्तक पिशवीत घातले.

तू घर सोडून जाताना मी हे तुला सांगू शकलो असतो. तेव्हा गप्प बसलो. आता मी म्हातारा झालो आहे आणि एकट्याने गप्प बसण्याचा मला कंटाळा आला आहे.

तृप्ती म्हणते, संबंधित नोंदी एकमेकींना जोडल्याशिवाय सूची पूर्ण होत नाही. तिला हे पत्र मी दाखवलेले नाही. मूळ तुझ्या प्रतीत सातव्या प्रकरणाशी ठेवले आहे. जोडायचे की नाही, ते तू ठरव.

मार्तंड